दर्या, दऱ्या आणि दहा इंचांची स्क्रीन

आईचं वाचन थांबलं ते डोळ्यांमुळे नाही, मनगटांमुळे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चांगली झाली होती, नव्या चष्म्याचा नंबरही बसला होता. पण संधिवाताने धरलेल्या हातांना सहाशे पानांची, जाड पुठ्ठ्याची कादंबरी पेलवेना. मांडीवर उशी आणि उशीवर पुस्तक असं करून तिने एक हिवाळा काढला. मग पुस्तक उशाशी नुसतंच पडून राहू लागलं. मोबाइलवर वाचायला दिलं, तर अर्ध्या तासात डोळे चोळायला लागायची. तेव्हा ई-रीडर घ्यायचं ठरलं.

‘कुठला घेऊ?’ असं मी चार जणांना विचारलं. चौघंही मनापासून वाचणारे. त्यांच्या सल्ल्याने सहा इंची स्क्रीनचा एक सुबक ई-रीडर घरी आला. मग आईने वाचायच्या पुस्तकांची यादी सांगितली. बत्तीस नावं होती. त्यांतली जेमतेम नऊ त्या यंत्रावर नीट वाचता येत होती. यंत्रात खोट नव्हती. मी प्रश्न उलट्या बाजूने विचारला होता. इंग्रजी वाचणाऱ्याने आधी यंत्र घेतलं तरी त्याचं फारसं अडत नाही, कारण त्याला हवं ते पुस्तक बहुधा त्यावर येतंच. मराठी वाचकाने मात्र आधी पुस्तकांची यादी करावी, ती कुठे आणि कोणत्या रूपात मिळतात ते पाहावं आणि मगच पैसे काढावेत.

मोबाइलवर दुखणारे डोळे ई-रीडरवर का निवतात, ते आधी सांगतो. 1997 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून ई-इंक ही कंपनी उभी राहिली. तिच्या स्क्रीनमध्ये अतिसूक्ष्म कुप्या असतात. कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे व काळे कण, एकमेकांविरुद्ध विद्युतभाराचे. खालून विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. पांढऱ्यावर काळं अक्षर उमटतं ते असं. वर आलेला कण वीज काढून घेतली तरी तिथेच थांबतो, म्हणून पान दिसत राहायला वीज लागत नाही, पान उलटताना लागते. आपण वाचतो तो उजेड खोलीतला, कागदावरून परततो तसा. रात्रीसाठी कडेला बारीक दिवे असतात. त्यांचा प्रकाश स्क्रीनच्या पृष्ठभागावर पसरतो, मागून थेट डोळ्यांत शिरत नाही.

‘एका चार्जमध्ये दहा आठवडे’ अशी जाहिरात वाचून हुरळून जाऊ नये. तो हिशेब बहुधा रोज अर्धा तास वाचन आणि वाय-फाय बंद असा धरलेला असतो. म्हणजे एकूण सुमारे 35 तासांचं वाचन. आई रोज तीन तास वाचते. तिला बारा दिवसांनी चार्जर लागतो, आणि तेही मोबाइलच्या मानाने पुष्कळच झालं.

या स्क्रीनवरचा पहिला ई-रीडर सोनीने 2004 साली जपानमध्ये आणला. अॅमेझॉनचा किंडल आला 19 नोव्हेंबर 2007 ला, 399 डॉलरना, आणि साडेपाच तासांत संपला. मग कॅनडातून कोबो, युक्रेनमध्ये सुरू झालेलं पॉकेटबुक, चीनमधून ऑनिक्स बूक्स अशी नावं पुढे आली. सोनी या धंद्यातून 2014 मध्ये बाहेर पडली. नावं वेगळी असली तरी यांतल्या बहुतेकांच्या आतली स्क्रीन त्याच एका ई-इंक कंपनीची असते, आणि इंचाला 300 ठिपक्यांची सुबकताही आता बऱ्याच यंत्रांत सारखी मिळते. त्यामुळे ‘कुणाची अक्षरं जास्त काळी’ या वादात फार वेळ घालवू नये. खरा फरक यंत्रामागच्या दुकानात आणि आतल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

आईच्या यादीकडे परत येतो. मराठी ई-पुस्तक आपल्यापर्यंत तीन रूपांत पोहोचतं. पहिलं रूप वाहत्या मजकुराचं. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. ईपब फाइल आणि किंडलच्या दुकानातली बहुतेक मराठी पुस्तकं या प्रकारची. अॅमेझॉनने डिसेंबर 2016 मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं किंडलवर द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हा साठा वाढतो आहे. दुसरं रूप पीडीएफ. तिथे पान जसं छापलं तसं गोठलेलं असतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने मोफत खुली केलेली कितीतरी मोलाची पुस्तकं, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, अनेक दिवाळी अंकांच्या डिजिटल प्रती, सगळं पीडीएफमध्ये. तिसरं रूप म्हणजे जुन्या पुस्तकाच्या पानांचे फोटो. इंटरनेट आर्काइव्हवर असे हजारो ग्रंथ आहेत आणि संदर्भासाठी वाचणाऱ्याला ते अलिबाबाच्या गुहेसारखे वाटतात. याशिवाय पुण्याच्या बुकगंगासारख्या दुकानातून घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्या स्वतःच्या अॅपमध्ये उघडतं, किंडलवर नाही.

पीडीएफला ईपब का करता येत नाही, असं अनेक जण विचारतात. इंग्रजीत ते बऱ्यापैकी जमतं. मराठीत अडचण आपल्या छपाईच्या इतिहासाने केली आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून जागा आहे, पण पुढची अनेक वर्षं आपली पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवली गेली. त्या फाँटमध्ये इंग्रजी चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. डोळ्याला ‘कि’ दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती दोन-तीन रोमन चिन्हं असतात. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी नोंदलेली, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. अशी पीडीएफ वाहत्या मजकुरात बदलायला गेलं की हाती निरर्थक चिन्हांचा ढीग येतो. फोटोच्या पीडीएफमध्ये तर अक्षरं नसतातच, नुसतं चित्र असतं.

म्हणून यादीत पीडीएफ जास्त असतील, तर स्क्रीनची लांबी-रुंदी हाच निवडीचा गाभा ठरतो. इथे मी अक्षरशः फूटपट्टी घेऊन बसलो. आपल्या नेहमीच्या डेमी आकाराच्या पुस्तकाचं पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची ई-रीडरची स्क्रीन 3.6 बाय 4.8 इंच. पूर्ण पान त्यात बसवलं तर ते मूळच्या 56 टक्के होतं, म्हणजे 12 पॉइंटचं अक्षर सातच्याही खाली जातं. इंग्रजीचं ‘ए’ त्या आकारातही ओळखू येईल, पण देवनागरीत वर रफार, अनुस्वार, मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर एवढं सगळं एका अक्षरात मावायचं असतं. सात इंची स्क्रीनवर तेच पान 66 टक्के दिसतं. आणि 10.3 इंची स्क्रीनवर, जी साधारण 6.2 बाय 8.2 इंचांची असते, ते 97 टक्के दिसतं. जवळपास छापील पानाएवढं. ए-फोर पानाचा दिवाळी अंक मात्र तिथेही 70 टक्क्यांवर येतो.

लहान स्क्रीन आधीच घेऊन बसलेल्यांनी निराश होऊ नये. यंत्र आडवं धरायचं आणि पानाचे समास छाटायचे. डेमी पुस्तकातला प्रत्यक्ष मजकूर चार-सव्वाचार इंच रुंद असतो, तो आडव्या सहा इंची स्क्रीनच्या 4.8 इंचांत छापील अक्षरापेक्षाही थोडा मोठा दिसतो. एक पान दोन-तीन तुकड्यांत वाचावं लागतं एवढंच. के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर याच्याही पुढे जातं. शब्दांमधल्या मोकळ्या जागा शोधून ते पानाच्या चित्राचे शब्दाशब्दाने तुकडे करतं आणि लहान पानावर नव्याने मांडतं. त्याला लिपीशी देणंघेणं नसल्यामुळे मराठी फोटो-पीडीएफवरही ते चालतं.

आता कंपन्यांकडे वळतो. यादीतली बहुतेक पुस्तकं किंडलच्या दुकानात सापडत असतील, तर किंडल घ्यावा. खरेदी सोपी आहे, साधा किंडल 158 ग्रॅमचा आहे, आणि ‘सेंड टू किंडल’ने 2022 पासून ईपब फाइलही त्यावर पाठवता येते. पण एक गोष्ट समजून उमजून घ्यावी. तिथे आपण विकत घेतो तो वाचनाचा परवाना असतो. 2009 च्या जुलैमध्ये अॅमेझॉनने ऑर्वेलची ‘1984’ आणि ‘अॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती लोकांच्या यंत्रांवरून परस्पर पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण खरं होतं, कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली, पण वाचकाच्या कपाटातून पुस्तक काढून नेता येतं हे त्या दिवशी दिसलं. 26 फेब्रुवारी 2025 पासून विकत घेतलेली किंडल पुस्तकं संगणकावर उतरवून घेण्याची सोयही कंपनीने बंद केली. ज्या घरात आजोबांची पुस्तकं नातवंडांकडे जातात, तिथे हे मला खटकतं आणि खटकायला हवं. म्हणून मी किंडलवर वाचतो ती पुस्तकं वेगळी ठेवतो आणि पुन्हा पुन्हा उघडायची पुस्तकं कागदावर किंवा बिनकुलपाच्या फाइलमध्ये घेतो. अशा फाइली सांभाळायला कोविद गोयल या भारतीय संगणकतज्ज्ञांनी 2006 साली सोनीच्या ई-रीडरसाठी सुरू केलेलं आणि पुढे ‘कॅलिबर’ या नावाने जगभर गेलेलं मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे.

कोबोचं मोठेपण ईपब थेट वाचण्यात आणि सार्वजनिक ग्रंथालयांशी जोडलेलं असण्यात आहे. टोरंटोत किंवा लंडनमध्ये राहणारी आपली मुलं तिथल्या ग्रंथालयाची पुस्तकं ओव्हरड्राइव्ह या सेवेमार्फत कोबोवरच उसनी घेऊ शकतात. त्यांच्यासाठी मी कोबोच सुचवतो. भारतात मागवताना मात्र दुरुस्ती आणि हमी कोण देणार, हे आधी विचारून घ्यावं.

बुकगंगाची पुस्तकं, किंडलची पुस्तकं, पीडीएफ, सगळं एकाच यंत्रात हवं असेल तर अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर हाच सरळ रस्ता. ऑनिक्स बूक्सची यंत्रं या प्रकारची. प्ले स्टोअरवरून हवी ती अॅप घालता येतात, आणि डोळे थकले तर गूगलचा मराठी आवाज मजकूर वाचूनही दाखवतो. उणी बाजू म्हणजे चार्ज लवकर संपतो आणि मोबाइलसाठी बनवलेली अॅप या संथ स्क्रीनवर सरकताना मागच्या पानाची पुसट सावली राहते. आईला ती सावली आवडली नाही. दर पानाला स्क्रीन पूर्ण पुसण्याची सेटिंग केल्यावर तक्रार मिटली. फक्त एकच यंत्र घ्यायचं असेल, तर मराठी वाचकाला मी पान उलटायची बटणं असलेला सात इंची अँड्रॉइड ई-रीडर घ्यायला सांगेन.

रंगीत स्क्रीनबद्दल थोडक्यात. सध्याच्या बहुतेक रंगीत ई-रीडरमध्ये काळ्यापांढऱ्या स्क्रीनवर रंगांची जाळी असते. त्यामुळे पान जरा करडं दिसतं आणि रंगाची सुबकता इंचाला 150 ठिपक्यांवर येते. मुखपृष्ठं आणि व्यंगचित्रं बरी दिसतात, पण कादंबरी वाचणाऱ्याने तो खर्च करू नये. ‘आवाज’ या दिवाळी अंकातल्या, पान उघडून पाहायच्या खिडक्या तर कुठल्याच ई-रीडरवर उघडत नाहीत. त्यांना कागदच हवा.

कोणतंही यंत्र घेण्याआधी त्याच्यावर एक चाचणी जरूर करा. साध्या वर्ड फाइलमध्ये ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘वाङ्मय’, ‘तऱ्हा’, ‘लक्ष्मी’ असे शब्द लिहा, त्याचा ईपब करा आणि यंत्रावर उघडा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल घळी. यंत्राने अर्धा र आणि रफार यांत गल्लत केली, तर कोकणच्या वर्णनात समुद्र कुठे आणि घाट कुठे तेच कळणार नाही. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ही पाहा. हिंदी वळणाची अक्षरं येत असतील, तर किंडल आणि कोबो दोन्हींवर आपला फाँट घालता येतो. यंत्र संगणकाला जोडायचं आणि ‘फाँट्स’ या फोल्डरमध्ये फाइल ठेवायची. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फाँट पुस्तकी वळणाचा आहे आणि आमच्या घरी तोच बसवला आहे.

आणि मोफत, तरीही कायदेशीर वाचन हवं असेल तर एवढं लक्षात ठेवा, की लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन आपल्याकडे सर्वांसाठी खुलं होतं. हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी यांचं लेखन खुलं झालं आहे. मराठी विकिस्रोतावरच्या जुन्या पुस्तकांचा ईपब तिथूनच उतरवता येतो, आणि तो वाहत्या मजकुराचा असतो.

आईच्या बाबतीत तिच्या मनगटांनी निकाल दिला. 10.3 इंची यंत्रावर पीडीएफ सुंदर दिसत होत्या, पण त्याचं वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. म्हणून पहिला सहा इंची ई-रीडर परत केला नाही. अंथरुणात पडल्या पडल्या ती त्यावर कादंबऱ्या वाचते, अक्षर एवढं मोठं करून की ओळीत चार-पाचच शब्द मावतात. मोठं यंत्र बहीण-भावंडांनी मिळून घेतलं. आजोबा ज्ञानेश्वरी वाचताना पोथी ठेवायचे तो घडीचा लाकडी स्टँड माळ्यावर होता. तो पुसून खिडकीपाशी मांडला आहे. दहा इंचांचं यंत्र त्यावर बरोबर टेकतं, आणि दुपारी चहा झाला की आई तिथे बसते. यादीतली एकोणीस पुस्तकं झाली आहेत.