मालकांचं भांडण आणि मैदानातली पोरं

उन्हाळ्याची सुट्टी, रात्रीचे आठ वाजलेले आणि घरात एकच टीव्ही. मैत्रिणींनो, पुढचं काही सांगायलाच नको! २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे रोज हीच लढाई. सासूबाईंना मालिका हवी, ह्यांना बातम्या आणि तिसरीतल्या चिरंजीवांना क्रिकेट. बरं, टीम तरी कुठली? पुणे वॉरियर्स. सदा हरणारी!

"अरे, जिंकणारी एखादी धर की," म्हटलं की फुरंगटायचा. "आई, पुण्याची आहे ना ती. म्हणजे आपलीच." सोलापूरच्या पोराला पुणं परकं कसं वाटेल? प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिकडं पोट भरायला गेलेलंच असतं.

२३ एप्रिलचा तो दिवस मला चांगला आठवतो. संध्याकाळी मी शेंगाची चटणी कुटत होते आणि हा डोळे पुसत आत आला. बंगळुरूच्या मैदानावर ख्रिस गेलनं पुण्याच्या गोलंदाजांची पार धूळधाण उडवली होती. ६६ चेंडूंत नाबाद १७५! पुणे १३० धावांनी हरलं. "काही दमच नाही रे तुझ्या टीममध्ये," असं मी सहज बोलून गेले.

परवा मुलाबरोबर पुण्याहून मुंबईला निघाले होते. द्रुतगती मार्गावरून गहुंजेचं स्टेडियम दिसलं आणि तो हसून म्हणाला, "आई, आठवतंय का? दम टीममध्ये नव्हता की मालकांमध्ये?" मग सगळा प्रवासभर त्यानं मला ती कहाणी ऐकवली. ऐकताना मला मात्र आमचा बचत गट आठवत राहिला. का, ते सांगतेच.

सहारा समूहानं २०१० साली आयपीएलमधली ही टीम दहा वर्षांसाठी तब्बल १७०२ कोटी रुपयांना घेतली. क्रिकेट मंडळानं हंगामात ९४ सामने होतील असं धरलं होतं, प्रत्यक्षात ७४ च ठेवले. "सामने कमी, तर फीही कमी करा," असं मालकांचं म्हणणं. मंडळ तयार होईना. वाद तिथून सुरू झाला, तो मिटलाच नाही.

२०११ च्या पहिल्या हंगामात टीमनं सुरुवातीचे दोन्ही सामने जिंकले आणि मग ओळीनं सात हरले. कर्णधार होता युवराज सिंग. पुढच्या वर्षी तो कॅन्सरशी झुंजत होता. त्याच्या नावची रक्कम लिलावात दुसऱ्या खेळाडूसाठी वापरू द्यावी, ही मालकांची मागणी मान्य झाली नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये ऐन लिलावाच्या दिवशी सहारानं आयपीएलमधून आणि भारतीय संघाच्या प्रायोजकत्वातूनही बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. दोन आठवड्यांत समेट झाला खरा, पण फुटलेलं भांडं ते फुटलेलंच. त्या हंगामात सौरव गांगुलीच्या हाताखाली टीम १६ पैकी १२ सामने हरली. शेवटचे नऊ तर सलग! नऊ संघांत नववा नंबर.

त्याच सुमारास मालकांच्या घरातही वेगळीच आग लागलेली. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाराच्या दोन कंपन्यांना, गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये १५ टक्के व्याजानं परत करा, असा आदेश दिला होता.

२०१३ मध्ये एकाच हंगामात मॅथ्यूज, टेलर आणि फिंच असे तीन कर्णधार झाले. पुन्हा १६ पैकी १२ पराभव. गंमत म्हणजे १९ मे रोजी गहुंजेला दिल्लीविरुद्धचा शेवटचा सामना पोरांनी जिंकला. माझा मुलगा पलंगावर नाचला होता. आणि दोनच दिवसांनी, फी थकली म्हणून मंडळानं बँक गॅरंटी वटवल्यावर, सहारानं टीममधून अंग काढून घेतलं. ऑक्टोबरमध्ये मंडळानं करारच संपवला. टीम गेली, आणि स्टेडियमला दिलेलं सुब्रत रॉय यांचं नावही पुढं उतरलं.

आता सगळे पराभव मालकांमुळेच झाले, असं मी म्हणणार नाही. पोरंही कमी पडली असतील. पण घराचं छप्पर राहणार की जाणार हेच ठाऊक नसेल, तर आतल्या माणसाचं कामात चित्त कसं लागावं? आपल्या सोलापूरला हे कुणी वेगळं शिकवायला नको. गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले, तेव्हा किती घरांत बायकांनी विड्यांचं सूप मांडीवर घेतलं, कडक भाकरी थापून विकल्या! माझे सासरे गिरणीतलेच. ते म्हणायचे, "वरच्या माडीवर भांडण झालं की खालची चूल आधी विझते."

आणि आता बचत गटाचं. काही वर्षांपूर्वी आमच्या गटात अध्यक्ष आणि सचिव यांचं बिनसलं. कारण अगदी फुटकळ, सरकारी मेळाव्याला कुणी जायचं एवढंच. पण बँकेतून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागायच्या आणि दोघीही सही करेनात. दीड महिना गेला. गटातल्या एका विडी कामगार बाईला मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी कर्ज मंजूर झालं होतं. तारीख जवळ आली तशी तिनं खासगी सावकाराकडून पैसे उचलले. मग त्याचं व्याज भरता भरता गटाचे हप्ते थकले. आणि आम्ही काय केलं? बैठकीत सगळ्यांसमोर तिलाच बोललो, "तुला शिस्तच नाही गं."

मैत्रिणींनो, त्या दोघींतली सचिव मीच होते.

ती बाई काही बोलली नाही. पदर सावरला आणि उठून गेली. पुढं मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिनं चहा पाजला, पण सावकाराचं व्याज काही माझ्या माफीनं फिटलं नाही.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. सह्यांचे अधिकार तिघींना, त्यातल्या कोणत्याही दोघी चालतील. दर बैठकीत पासबुक मोठ्यानं वाचायचं. आणि मंजूर झालेलं कर्ज कुणाच्याही रुसव्याफुगव्यासाठी अडवायचं नाही. भांडा, खुशाल भांडा, पण आधी सही करा!

कुठलीही टीम हरताना दिसली, मग ती मैदानातली असो, गटातली असो की घरातली, तर मैदानातल्याला नावं ठेवण्याआधी एकदा वर बघावं. सह्या कुणाच्या अडल्यात, ते विचारावं.

मुलाला मी गाडीतच म्हटलं, "त्या दिवशी तुझ्या टीमला उगाच बोलले रे." तो म्हणाला, "असू दे गं आई. शेवटची मॅच आपण जिंकली होती."