जुन्या फायलीतली मराठी

वडिलांचं आत्मचरित्र, मंडळाची स्मरणिका, एखादा जुना दिवाळी अंक. कधीकाळी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल उघडायची, सगळा मजकूर निवडायचा, फॉन्ट ‘मंगल’ करायचा, की झालं युनिकोड! हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरं उमटतात आणि ‘फाइल बिघडली’ म्हणून ती पुसली जाते. कृपा करून पुसू नका.

ती बिघडलेली नसते. कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरं असतो. फॉन्ट त्यांच्या जागी म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी यांची चित्रं दाखवतो, एवढंच. युनिकोडमध्ये मात्र देवनागरी चिन्हांना स्वतःचे क्रमांक आहेत. फॉन्ट बदलल्याने चित्रं बदलतात, क्रमांक नाहीत.

मग अक्षरागणिक अदलाबदल केली की काम संपेल? तेवढ्याने भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये चिन्हं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ‘हिंदी’तली पहिली वेलांटी ‘ह’च्या आधी, ‘कार्य’चा रफार ‘य’च्या नंतर. युनिकोडचा क्रम उच्चाराचा, म्हणजे नेमका उलटा. त्यामुळे कन्व्हर्टरला चिन्हं हलवावीही लागतात. शिवाय श्रीलिपीसारख्या दुसऱ्या जुन्या फॉन्टमधल्या मजकुराला कृतिदेवचा अदलाबदलीचा तक्ता चालत नाही. फाइल कोणत्या फॉन्टमधली आहे हे आधी शोधावं लागतं. आणि रूपांतर झाल्यावर माणसाने ती वाचायलाच हवी. डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांतला फरक मराठी डोळ्यालाच चटकन कळतो.

दिसायला बरोबर म्हणजे आतूनही बरोबर, हेही खरं नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन लिहिलेलं अक्षर हुबेहूब तसंच दिसतं, पण शोध घेताना ते हाती लागेलच असं नाही.

चौकोन दिसले तर घाबरू नका. बहुतेक वेळा त्या संगणकावर योग्य फॉन्ट नसतो, मजकूर शाबूत असतो. भीती बाळगायची ती ओळीने आलेल्या प्रश्नचिन्हांची. देवनागरी न मावणाऱ्या जुन्या संकेतप्रणालीत फाइल सेव्ह केली, की अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. त्यातून मूळ अक्षर कोणताही कन्व्हर्टर परत आणू शकत नाही. म्हणून रूपांतराला बसण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा.