तृणमण्यापासून विजेपर्यंत

हिवाळ्याच्या कोरड्या हवेत केसांतून फिरविलेली प्लास्टिकची फणी कागदाच्या कपट्यांजवळ धरली, की कपटे उडून तिला चिकटतात. त्यांतील काही थोड्याच वेळात तितक्याच जोराने दूर फेकले जातात. हा पोरखेळ वाटला, तरी विद्युत्‌शास्त्राचा प्रारंभ अशाच खेळातून झाला आहे. प्राचीन वृक्षांची भूगर्भात दगडासारखी टणक झालेली राळ घासली असता गवताची काडी ओढून घेते. म्हणून संस्कृतात तिला तृणमणी हे सार्थ नाव मिळाले. ग्रीक लोक तिला इलेक्ट्रॉन म्हणत. त्याच शब्दावरून इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली या आकर्षणाला संज्ञा दिली.

घर्षणाने वीज उत्पन्न होते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तेथे नवे काहीच उत्पन्न होत नाही. प्रत्येक अणूत धन विद्युद्भाराचे प्रोटॉन आणि ऋण विद्युद्भाराचे इलेक्ट्रॉन सारख्याच संख्येने असतात. हिशेब जुळलेला असल्यामुळे वस्तू उदासीन भासते. प्रोटॉन अणुकेंद्रात घट्ट बसलेले असतात. काही इलेक्ट्रॉन मात्र जागा सोडू शकतात. फणी केसांतून फिरते तेव्हा ते केसांवरून फणीवर जातात. फणीवर जेवढा ऋण भार येतो, तेवढाच धन भार केसांवर उघडा पडतो. एकूण भार घटत नाही की वाढत नाही, हे तत्त्व बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ साली, म्हणजे इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यापूर्वी दीडशे वर्षे, मांडले होते.

सजातीय भार परस्परांना दूर लोटतात, विजातीय भार ओढतात. मग न घासलेला कागद का ओढला जावा? फणीवरील ऋण भार कागदाच्या रेणूंतील इलेक्ट्रॉनांना किंचित मागे सारतो. त्यामुळे कागदाची जवळची बाजू धन, तर दूरची ऋण होते. यालाच प्रवर्तन म्हणतात. अंतर दुप्पट झाले की बल चौपटीने घटते, हा नियम फ्रान्सच्या कुलाँबने १७८५ साली सिद्ध केला. म्हणून जवळच्या बाजूचे आकर्षण वरचढ ठरते. स्पर्शानंतर मात्र फणीचा काही भार कागदावर जातो, दोघे सजातीय होतात आणि कपटा दूर उडतो.

आकाशातील वीज याच नियमांनी बांधलेली आहे. ढगात हिमकण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून भारांची फाळणी होते. ढगाचा तळ बहुधा ऋण होतो आणि त्याच्या प्रवर्तनाने खालील जमीन धन होते. हा ताण हवेला असह्य झाला, की वीज कोसळते. उंच वस्तूंवर ती पडण्याचा संभव अधिक. म्हणूनच वळवाच्या पावसात शेतातील एकाकी झाडाचा आसरा प्राणघातक ठरतो आणि पक्क्या इमारतीत जाणे हिताचे असते.

नळीतून वाहणाऱ्या पेट्रोलवरही असा भार साठतो व एका ठिणगीने भडका उडू शकतो. त्यामुळे टँकर रिकामा करण्यापूर्वी तो तारेने जमिनीशी जोडतात. इमारतीवरील विजेचा खांब हेच कार्य करतो. साठू पाहणाऱ्या किंवा कोसळणाऱ्या भाराला जमिनीकडे जाण्याची निर्धोक वाट करून देणे, एवढाच या दोन्ही उपायांचा मर्मार्थ होय.