संगमावर बुडालेला गॉगल

देवबागच्या संगमावर होडी सोडण्याआधी होडीवाला प्रत्येक खेपेला एक गोष्ट सांगतो: गॉगल काढून ठेवा, नाहीतर दोरी लावा. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं ओहोटीची ओढ मोठी असते. बनाना राइडवरून पडलेला माणूस जॅकेटमुळे वर येतो, गॉगल येत नाही. गेल्या जानेवारीत माझ्यासमोर पुण्याहून आलेल्या एका मुलाचा असाच गेला. अठरा हजारांचा होता, नुकताच वाढदिवसाला घेतलेला. त्याची आई बराच वेळ पाण्याकडे बघत उभी होती.

होडी चालवणाऱ्या काकांच्या डोक्याला पंचा गुंडाळलेला होता, डोळ्यांवर काहीच नव्हतं. जवळ बसलो तेव्हा दिसलं, उजव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून तांबूस मांसाची एक पाकळी बुबुळावर चढली होती. डॉक्टर तिला टेरिजियम म्हणतात, आपल्याकडे ‘डोळ्यात मांस वाढलंय’ म्हणतात. ऊन आणि वारा अंगावर घेत आयुष्य काढणाऱ्यांना ती जास्त होते.

“काका, तुम्ही गॉगल नाही घालत?”

“एकदा घेतलंय, दोनशेचो. पाण्याखालची रेव दिसना नाय त्यातसून. रेव दिसली नाय तर होडी खंय घालतलंय?”

एक दिवस आलेल्या मुलाच्या डोळ्यांवर अठरा हजार आणि तीस-चाळीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाचे डोळे उघडे. महागडा गॉगल घ्यावा का, हा प्रश्न मला तेव्हापासून या दोघांना एकत्र ठेवूनच पडतो.

सगळ्यात पक्का गैरसमज असा, की महाग गॉगल डोळे वाचवतो आणि स्वस्त गॉगल बिघडवतो. डोळे वाचवायचे म्हणजे कशापासून, हे आधी बघू. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत. ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे हे किरण बुबुळ आणि आतलं नेत्रभिंग शोषून घेतं, आणि वर्षानुवर्षं साठत गेलेला त्यांचा मारा मोतीबिंदूला हातभार लावतो. गॉगलवर ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ इतकाच, की ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण काच अडवते. काच म्हणायची आपली सवय. बहुतेक गॉगलना आता प्लॅस्टिकच असतं. पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक अतिनील किरण जवळजवळ सगळे मुळातच शोषून घेतं. चष्म्याच्या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये त्यासाठी एक द्रव्य मिसळावं लागतं. दोन्हींचा खर्च किरकोळ आहे. अठरा हजारांतला फार थोडा भाग या राखणीवर जातो.

स्वस्त गॉगल किरण अडवतो का, हा प्रश्न मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांना वेगळ्या कारणानं पडला होता. कोड किंवा सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांचे उपचार देताना डोळे झाकावे लागतात आणि परदेशी संरक्षक चष्मे सगळ्यांना परवडत नाहीत. म्हणून त्यांनी भारतीय बाजारातले ब्रँडचे आणि बिनब्रँडचे गॉगल उपचाराच्या यंत्रातच मोजून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बिनब्रँडच्या बहुतेक गॉगलांनीही किरणांचा मोठा भाग अडवला. पण सगळ्यांनी सारखा नाही अडवला, आणि हेही तितकंच महत्त्वाचं आहे. स्वस्त गॉगल वाईटच असतो असं नाही. तो कसा आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही, एवढंच. किनाऱ्यावरच्या गाड्यावर गॉगलवर चिकटवलेला ‘यूव्ही ४००’चा स्टिकर म्हणजे कुणीतरी छापलेला कागद. साध्या अॅक्रिलिकचा गॉगल काळाकुट्ट असूनही अतिनील किरण बऱ्यापैकी आत सोडू शकतो.

इथं दुसरा गैरसमज येतो: जितका काळा तितका चांगला. काळेपणा दिसणारा उजेड कमी करतो, न दिसणाऱ्या किरणांशी त्याचा संबंध नाही. अतिनील किरण अडवणारी काच पाण्यासारखी पारदर्शकही असू शकते. उलट, काच काळी आणि संरक्षण नाही असं झालं तर डोळा फसतो: अंधार वाटून बाहुली मोठी होते, डोळे बारीक करणं थांबतं आणि किरणांना वाट मोकळी होते. आंतरराष्ट्रीय मानकात गॉगलच्या गडदपणाचे शून्य ते चार असे वर्ग आहेत. समुद्रकिनाऱ्याला तिसरा वर्ग पुरतो. त्यातून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. चौथ्या वर्गाचा गॉगल, ज्यातून ३ ते ८ टक्केच उजेड येतो, गाडी चालवताना घालायचाच नसतो. मुंबईहून इकडे येताना कशेडीच्या बोगद्यात तसा गॉगल घालून शिरलात तर पहिले काही क्षण समोरचं काहीच दिसणार नाही.

मग अठरा हजार जातात कुठे? इटलीच्या डोलोमाइट डोंगरात आगोर्दो नावाचं गाव आहे. लिओनार्दो देल वेक्कियो यांनी १९६१ साली तिथं लक्झॉटिका सुरू केली. सुरुवातीला ती दुसऱ्यांच्या चष्म्यांचे सुटे भाग बनवत असे. १९९९ मध्ये तिनं रे-बॅन विकत घेतली, २००७ मध्ये ओकली, आणि २०१८ मध्ये चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या फ्रेंच एसिलॉरशी ती एक झाली. प्राडा, शनेल, व्हर्साचे, बर्बेरी यांच्या नावाचे गॉगलही परवाना घेऊन हीच कंपनी बनवते. दुकानात शेजारीशेजारी मांडलेली आणि एकमेकांशी स्पर्धा करणारी वाटणारी नावं पुष्कळदा एकाच घरची असतात. काडीवरचं नाव, जाहिरात, दुकानाचं भाडं, नावाचा परवाना या सगळ्याचे पैसे गिऱ्हाईक देतं. सुंदर वस्तू अंगावर असावी यासाठी कुणी पैसे दिले तर त्यात वाईट काही नाही. फक्त ते डोळ्यांच्या काळजीसाठी दिले असं समजू नये.

पण किंमत वाढली की काहीच सुधारत नाही, हाही गैरसमजच. दोनशेच्या गॉगलच्या काचेत लाटा असतात. दाराची उभी चौकट त्यातून बघून मान हलवली की चौकट वाकते. तासाभरात डोकं दुखायला लागतं ते त्यामुळे. हजार-दोन हजारांच्या टप्प्यात हा दोष बहुतेक जातो. फॅशनची मोठी नावं सोडली, तर चष्म्याच्या दुकानातल्या साध्या कंपन्यांचे गॉगल याच टप्प्यात मिळतात. त्यापुढं बिजागरी, फ्रेमचा हलकेपणा, काचेवरचे थर यांत थोडी थोडी भर पडते, आणि पाच-सहा हजारांच्या वर डोळ्याला जाणवेल असं फारसं काही उरत नाही असं माझं मत आहे. देवबागसारख्या ठिकाणी तर खारं वारं महागाला सवलत देत नाही. पत्र्याची बिजागरी गंजते, आरशासारखा चकचकीत थर सोलून निघतो. इथं जाड नायलॉनची साधी फ्रेम सोनेरी धातूच्या फ्रेमपेक्षा जास्त टिकते.

काकांना रेव दिसत नव्हती, त्याचं उत्तर मात्र एका खास काचेत आहे आणि तिच्याबद्दलही घोळ आहे. पोलराइज्ड म्हणजे यूव्हीचं संरक्षण, असं विक्रेतेसुद्धा सांगतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यावरून उलटून येणारा उजेड बराचसा आडव्या दिशेत कंप पावत असतो. पोलराइज्ड काच हा आडवा उजेड रोखते आणि बाकीचा आत सोडते. पाण्यावरची चकाकी गेली की तळ दिसतो. याचा एक नेमका कोन आहे: उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांवर पाण्यावरून आलेली चकाकी जवळजवळ पूर्ण अडते. म्हणजे होडीत उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोन मीटरवर असतील, तर पुढचं अडीच-तीन मीटरवरचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसेल. होडी रेतीवर चढू नये म्हणून जिथं बघायचं असतं, साधारण तिथंच. दूर क्षितिजाकडे हा गुण कमी होत जातो. साधा काळा गॉगल चकाकी आणि तळ दोन्ही सारखेच अंधारवतो, म्हणून काकांना तो निरुपयोगी वाटला, आणि त्यांचं बरोबर होतं.

पोलराइज्ड आहे की नाही हे दुकानातच तपासता येतं. गॉगल डोळ्यांवर ठेवून मोबाइलचा पडदा हळूहळू फिरवायचा. बहुतेक फोनचा पडदा एका कोनात काळा पडतो. यूव्हीसाठी बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत मोजायचं यंत्र असतं, ते मागून घ्यावं, लाजू नये. घरी करायचंच तर अतिनील टॉर्च आणि पाचशेची नोट घ्या. अंधारात टॉर्च धरला की नोटेवरचा क्रमांक चमकतो. टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच आणली की ती चमक विझायला हवी. टॉर्च डोळ्यांकडे मात्र कधी धरू नका.

ऊन डोक्यावर असतं तेव्हाच गॉगल लागतो, असंही सगळे धरून चालतात. देवबाग सोळा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात इथं शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा जमिनीवर पडणारे अतिनील किरण प्रखर असतातच. पण सूर्य माथ्यावर असताना भुवईचं हाड डोळ्यांवर सावली धरतं. जपानमध्ये हिरोशी सासाकी यांच्या गटानं पुतळ्याच्या डोळ्यांशी संवेदक बसवून मोजमाप केलं, तर सूर्याकडे तोंड असताना डोळ्यांत सगळ्यात जास्त मारा दुपारी बाराला नाही, तर सकाळी आणि दुपार कलल्यावर होतो असं दिसलं. डॉल्फिन बघायला होड्या निघतात ती सकाळची वेळ याच पट्ट्यात येते. त्यात उजेड खालूनही येतो: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, लाटांचा फेस सुमारे २५ टक्के. पातळ ढग तर त्यांना फारसं अडवतच नाहीत.

आणि ते बाजूनंही येतात. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी दाखवलं, की कानाच्या बाजूनं डोळ्यात शिरलेला प्रकाश बुबुळाच्या वक्र पृष्ठभागातून वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतो. मांसाची पाकळी बहुतेक वेळा नाकाकडूनच का वाढते, त्याचं कारण हे. काकांच्या डोळ्यात ती होती तिथंच. म्हणून लहान, नाजूक, फॅशनच्या काचा कितीही महाग असल्या तरी पाण्यावर अपुऱ्या पडतात. कानाकडे वळलेली रुंद फ्रेम आणि वर काठाची टोपी, यांनी जे साधतं ते नावानं साधत नाही.

कोळ्यांच्या डोळ्यांवर एक मोठा अभ्यास झाला आहे, तोही अमेरिकेतल्या मेरिलँडच्या चेसापीक उपसागरावर. ८३८ दर्यावर्दी माणसांचे डोळे तपासले, आयुष्यभर कुठे काय काम केलं, टोपी-चष्मा कधी घातला, हे विचारून प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या अतिनील किरणांचा हिशेब मांडला. १९८८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: हा साठलेला मारा दुप्पट झाला की एका विशिष्ट प्रकारच्या, कॉर्टिकल, मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो. चेसापीक आपल्यापेक्षा पुष्कळ उत्तरेला आहे. रापणीचं जाळं ओढणाऱ्या, होडी हाकणाऱ्या आपल्या माणसांच्या डोळ्यांवर पडणारं ऊन त्याहून कडक.

लहान मुलांचं नेत्रभिंग जास्त पारदर्शक असतं, किरण खोलवर जातात; त्यांना जत्रेतला खेळण्यातला गॉगल देऊ नये. ग्रहण बघायला कुठलाच गॉगल चालत नाही, दोनशेचाही नाही आणि वीस हजारांचाही नाही. काचेवर ओरखडे आले की संरक्षण जातं असंही नाही, कारण ते बहुधा प्लॅस्टिकच्या आतच असतं. मात्र दिसायला त्रास होतो. वाळू लागलेली काच शर्टाला पुसण्याआधी गोड्या पाण्यानं धुवावी, म्हणजे ओरखडेच येणार नाहीत.

फेब्रुवारीत परत गेलो तेव्हा मालवणच्या चष्म्याच्या दुकानातून एक पोलराइज्ड गॉगल घेतला. रुंद, काळ्या नायलॉनचा, साडेतेराशेचा, यंत्रावर मोजून. काकांनी तो लावला आणि काही न बोलता होडीच्या नाळेशी जाऊन पाण्यात बघत राहिले. मग हात लांब केला.

“थंय बघ. रेव खंयपर्यंत इली हा ती.”

मला नुसतं चमकणारं पाणी दिसत होतं. त्यांनी गॉगल काढून माझ्या हातात दिला, आणि मलाही दिसली: पाण्याखाली पिवळसर रेतीची एक लांब जीभ, मागच्या महिन्यात जिथून गेलो होतो नेमकी तिथंच आलेली. गॉगल परत घेऊन काकांनी जाळ्याच्या सुताचा तुकडा दोन्ही काड्यांना गाठ मारून बांधला, मानेमागून घेतला आणि इंजिनाची दोरी ओढली.