साउंडफॉन्ट प्लेअर

साउंडफॉन्ट प्लेअर हे मिडी संदेशांचे ध्वनीत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर आहे. संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बहुधा प्लगइन म्हणून जोडले जाते. वाद्यांच्या स्वरांचे ध्वनिमुद्रित नमुने ज्या फाइलमध्ये साठवलेले असतात, तिला साउंडफॉन्ट म्हणतात. तिचे विस्तारनाम सामान्यतः 'एसएफ२' असते. एकच मिडी फाइल दोन संगणकांवर वेगळी ऐकू येण्याचे कारण बहुतेकदा साउंडफॉन्ट किंवा प्लेअर यांतील फरक हे असते.

संकल्पना

मिडी हे १९८३ पासून प्रचलित असलेले मानक आहे. मिडी फाइलमध्ये ध्वनी नसतो. कोणता स्वर केव्हा, किती जोराने वाजवायचा व केव्हा सोडायचा, अशा सूचना असतात. स्वराचा क्रमांक आणि आघाताची तीव्रता ही मूल्ये ० ते १२७ या मर्यादेत असतात.

मिडी व साउंडफॉन्ट यांचे नाते मजकूर आणि टंक यांच्यासारखे आहे. युनिकोडपूर्व टंकात लिहिलेला मराठी मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला, की निरर्थक चिन्हे दिसतात. त्याचप्रमाणे वाद्यांचा क्रम वेगळा असलेला साउंडफॉन्ट वापरल्यास बासरीच्या जागी भलतेच वाद्य वाजते. हा गोंधळ टाळण्यासाठी १९९१ मध्ये 'जनरल मिडी' हे मानक तयार झाले. त्यात १२८ वाद्यांचे क्रमांक निश्चित केलेले असून १६ चॅनेलांपैकी दहावा चॅनेल तालवाद्यांसाठी राखून ठेवला आहे.

इतिहास

साउंडफॉन्ट हे स्वरूप ई-म्यू सिस्टिम्स व क्रिएटिव्ह या कंपन्यांनी विकसित केले. १९९४ मध्ये आलेल्या 'साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई३२' या साउंड कार्डाबरोबर ते वापरात आले. या कार्डावर नमुन्यांसाठी मुळात ५१२ केबी स्मृती होती. १९९६ मध्ये स्वरूपाची दुसरी आवृत्ती आली, पुढे २.०४ या आवृत्तीत २४ बिट नमुन्यांची सोय झाली. संगणकांचा वेग वाढल्यावर विशेष कार्डाची गरज उरली नाही व तेच काम सॉफ्टवेअर करू लागले.

रचना

एसएफ२ फाइलची रचना तीन स्तरांची असते. पहिल्या स्तरावर ध्वनिनमुने, दुसऱ्यावर ते नमुने विशिष्ट स्वरपट्ट्यांवर विभागून तयार केलेली वाद्ये आणि तिसऱ्यावर वापरणाऱ्याला निवडता येणारे 'प्रीसेट' असतात. यांखेरीज स्वर किती वेगाने उमटावा व विरावा, हलक्या आघाताला तो किती मंद व्हावा, यांविषयीच्या सूचनाही फाइलमध्येच असतात. प्लेअरने त्या पाळल्या नाहीत, तर उत्तम साउंडफॉन्टही निर्जीव वाटतो.

निवडीचे निकष

चॅनेलांची संख्या: काही प्लेअर सोळाही चॅनेल एकाच वेळी वाजवतात, तर काही एका वेळी एकच वाद्य वाजवतात. तयार मिडी फाइल ऐकण्यासाठी पहिला प्रकार सोयीचा असतो. स्वतंत्र वाद्यांची रचना करताना दुसराही उपयोगी पडतो. मात्र प्रत्येक वाद्यासाठी प्लेअरची वेगळी प्रत उघडावी लागते.

सूचनांचे पालन: साउंडफॉन्टमधील सर्व सूचना प्रत्येक प्लेअर पाळतोच असे नाही. एकच स्वर हलक्या व जोरकस आघाताने वाजवून, तसेच दाबून धरून व सोडून पाहिल्यास हा फरक लक्षात येतो.

सुसंगतता: व्हीएसटी, एयू व एलव्ही२ ही प्लगइनची प्रमुख स्वरूपे आहेत. एयू ॲपलच्या संगणकांवर, तर एलव्ही२ प्रामुख्याने लिनक्सवर वापरले जाते. ३२ बिटचे जुने प्लगइन ६४ बिटच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट चालत नाहीत.

विलंब: कळ दाबणे व ध्वनी ऐकू येणे यांतील अंतर प्रामुख्याने ध्वनिप्रणालीच्या बफरवर अवलंबून असते. ४४,१०० हर्ट्‌झ दराला २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ६ मिलिसेकंदांचा असतो. त्यामुळे विलंब जाणवल्यास प्लेअर बदलण्याआधी ही मांडणी तपासणे योग्य ठरते.

प्रचलित प्लेअर

फ्लुइडसिंथ हा मुक्तस्रोत प्लेअर सोळाही चॅनेल हाताळतो. एलएमएमएस या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमधील साउंडफॉन्ट प्लेअर त्यावरच आधारलेला आहे. प्लोग कंपनीचा स्फोर्झांदो हा निःशुल्क प्लेअर मूलतः 'एसएफझेड' स्वरूपासाठी असून एसएफ२ फाइलचे तो त्या स्वरूपात रूपांतर करून घेतो. त्यात एका प्रतीत एक वाद्य वाजते. म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एसएफ२ व त्याचे संकोचित रूप 'एसएफ३' ही दोन्ही वाजवता येतात. जनरल मिडीसाठी 'फ्लुइड आर३' व 'जनरलयूजर जीएस' हे साउंडफॉन्ट प्रसिद्ध आहेत. पहिला सुमारे १४० एमबीचा, तर दुसरा सुमारे ३० एमबीचा आहे. मात्र फाइल मोठी असली म्हणजे तिचा दर्जा चांगलाच असतो, असे नाही.

भारतीय संगीताच्या दृष्टीने

जनरल मिडीच्या यादीत सतार १०५ व्या आणि सनई ११२ व्या क्रमांकावर आहे. काही प्लेअर मोजणी शून्यापासून करतात. तेथे हीच वाद्ये १०४ व १११ या क्रमांकांवर सापडतात. तबला व हार्मोनियम या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र साउंडफॉन्ट शोधावे लागतात. त्यांच्या वापराच्या अटी प्रकाशनापूर्वी वाचणे आवश्यक असते.

मींड दाखवण्यासाठी मिडीतील 'पिच बेंड' हा संदेश वापरतात. त्याची नेहमीची मर्यादा वर-खाली दोन अर्धस्वरांची असते. म्हणजे षड्जापासून शुद्ध ऋषभापर्यंतची मींड तिच्यात बसते. पंचमापर्यंत जायचे असल्यास मर्यादा किमान सात अर्धस्वरांपर्यंत वाढवावी लागते. मर्यादा बदलण्याची सूचना प्लेअरने पाळली नाही, तर मींड ऋषभावरच थांबते. तसेच हा संदेश संपूर्ण चॅनेलला लागू होतो. म्हणून सतार व तानपुरा एकाच चॅनेलवर ठेवल्यास तानपुऱ्याचा षड्जही मींडेबरोबर सरकतो. दोन्ही वाद्यांना वेगळे चॅनेल देणे हा त्यावरचा उपाय होय.

हे सुद्धा पहा

मिडी
जनरल मिडी
सिंथेसायझर
ध्वनिमुद्रण