न्यूरेंबर्गचा चौक आणि वेलदोड्याची वाट

डिसेंबरात न्यूरेंबर्गच्या जुन्या शहरात शिरलं की दिवे दिसण्याआधी वास येतो. दालचिनी, लवंग, वेलदोडे, जायफळ, संत्र्याची साल, साखरेत परतलेले बदाम. दक्षिण जर्मनीतल्या या शहराच्या आसपास यातल्या एकाही मसाल्याचं झाड उगवत नाही. तरीही इथला नाताळ या वासाशिवाय होत नाही. तो वास इथवर कसा पोचला हे माहीत असेल, तर हा बाजार वेगळाच दिसतो.

पंधराव्या शतकात न्यूरेंबर्ग ही युरोपातली एक बडी पेठ होती. मलबारची मिरी आणि वेलदोडे, श्रीलंकेची दालचिनी, मोलुक्का बेटांवरची लवंग आणि जायफळ हा माल अरबांच्या गलबतांतून लाल समुद्राकडे जायचा, पुढे अलेक्झांड्रिया, मग व्हेनिस, आणि तिथून आल्प्स ओलांडून इथे यायचा. श्रीमंत व्यापाऱ्यांना लोक ‘मिरीची पोती’ म्हणून हिणवत. मालाची पारख इतकी कडक, की केशरात भेसळ करणाऱ्याला १४४४ मध्ये त्याच्या केशरासकट जाळलं होतं. पृथ्वीचा आज टिकून असलेला सर्वांत जुना गोल मार्टिन बेहाईमने १४९२ च्या सुमारास याच शहरात करवून घेतला. त्यावर अमेरिका नाही; मसाला किती हातांतून, किती जकाती भरत युरोपात येतो याचं टिपण मात्र आहे. वास्को द गामाने समुद्रमार्ग शोधल्यावर इथल्या सावकारांनी वेळ दवडला नाही. १५०५ मध्ये फ्रान्सिस्कू द आल्मेइदाचं आरमार हिंदुस्थानकडे निघालं, तेव्हा त्यात पैसा घालणाऱ्या जर्मन व्यापाऱ्यांमध्ये हिर्शफोगेल आणि इमहोफ ही न्यूरेंबर्गची घराणी होती.

याच व्यापाराच्या वाटेने एक गेंडाही या शहराच्या इतिहासात आला. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजावर चढवला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन न्यूरेंबर्गला पोचलं. तेवढ्याच्या आधारावर, प्राणी कधीही न पाहता, चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो जगप्रसिद्ध लाकडी ठसा कोरून घेतला: अंगावर चिलखतासारखे पत्रे आणि पाठीवर नसलेलं एक जादा शिंग. युरोपने पुढची दोन-अडीचशे वर्षं गेंडा असाच असतो असं मानलं. ड्यूरर १५०९ पासून मरेपर्यंत ज्या घरात राहिला, ते किल्ल्याखालच्या चौकात उभं आहे. गोव्याच्या बंदराचा आणि या घराचा हा धागा मला फार मोलाचा वाटतो. बाजारात रमण्याआधी सकाळी तिथे जाऊन यावं.

आता त्या वासाचा मुख्य धनी, म्हणजे लेबकुखेन. ही मधाची, मसाल्याची, मऊसर गोल टिक्की. शहराभोवतीच्या राजवनात मध गोळा करणाऱ्यांना पूर्वापार हक्क होते. मध जंगलातून आणि मसाला व्यापारातून मिळाला. इथल्या लेबकुखेन करणाऱ्याचा उल्लेख १३९५ पासून सापडतो, आणि १६४३ मध्ये त्यांचा स्वतंत्र कारागीरसंघ झाला. उत्तम प्रकाराला ‘एलिझेन’ म्हणतात. त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के हवेत आणि पीठ १० टक्क्यांच्या वर चालत नाही. म्हणजे जवळजवळ सुक्या मेव्याचाच पदार्थ. मसाल्यात दालचिनी, लवंग, वेलदोड्याबरोबर धणेही असतात. धणे गोडात पडलेले पाहून आपल्याकडची सुगरण चमकेल, पण खाऊन पाहिल्यावर पटेल. टिक्कीच्या तळाशी पातळ पांढरी चकती असते; चर्चमधल्या प्रसादाची असते तशीच. डब्यात सफरचंदाची फोड ठेवली की लेबकुखेन मऊ राहतात आणि कित्येक आठवडे टिकतात. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र घटक वाचूनच घ्यावेत.

बाजार भरतो तो मुख्य चौकात. लाकडी दुकानं सुमारे १८०, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची छपरं. चौकाच्या एका अंगाला १९ मीटर उंचीचं, सोनेरी झळाळीचं सुंदर कारंजं, आणि पूर्वेला फ्राउएनकिर्खे हे चर्च. नाताळच्या या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा १६२८ सालचा, एका लाकडी डबीवर लिहिलेला. सुक्या आलुबुखारांपासून केलेली माणसं आणि सोनेरी पत्र्याच्या झग्यातल्या देवदूत-बाहुल्या ही इथली खास खरेदी. बोटाएवढी सॉसेजेस तीन-तीन पावात घालून देतात. ७ ते ९ सेंटिमीटर ही त्यांची लांबीसुद्धा नियमाने ठरलेली आहे. शाकाहारी माणसाला भाजलेले चेस्टनट आणि बटाट्याची धिरडी मिळतात. गरम मसालेदार वाईनच्या मगासाठी अनामत घेतात. मग परत दिला की पैसे परत, नाहीतर तो घरी न्यायचा.

दुपारी बारा वाजता चर्चच्या दर्शनी भिंतीवरचं १५०९ चं घड्याळ जागं होतं आणि सात सरंजामी राजपुरुष सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती फेऱ्या घालतात. चौकातली माणसं वर बघत उभी राहतात. याच चार्ल्सने १३४९ मध्ये या जागेवरची ज्यूंची वस्ती पाडून चौक करायला परवानगी दिली. ५ डिसेंबर १३४९ ला वस्तीवर हल्ला झाला, किमान ५६२ ज्यू मारले गेले. सिनेगॉगच्या जागी हे चर्च बांधलं गेलं. जिथे आपण गरम मग हातात धरून उभे असतो, तीच ती जमीन. हे जाणून न घेता तिथे फक्त फोटो काढून परतणं मला अन्याय्य वाटतं.

दुसऱ्यांदा हा चौक १९३३ मध्ये पळवला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजार मध्यवर्ती चौकातून हलवला होता. नाझींनी तो थाटामाटात परत आणला. चर्चच्या गॅलरीतून ख्रिस्टकिंडने, म्हणजे भेटवस्तू आणणाऱ्या बाळ येशूच्या रूपातल्या मुलीने, बाजार उघडायचा हा सोहळाही तेव्हाचाच. युद्धात बाजार बंद पडला. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. त्याच वर्षीच्या २० नोव्हेंबरला पश्चिमेकडच्या न्यायालयातल्या दालन क्रमांक ६०० मध्ये नाझी पुढाऱ्यांवर खटला सुरू झाला. १९४८ मध्ये ढिगाऱ्यांच्या शेजारी बाजार पुन्हा भरला, सुरुवातीच्या सोहळ्यासाठी नवं काव्य लिहिलं गेलं. नाझींचा सोहळा शहराने टाकला नाही, त्यातला नाझीपणा काढून टाकला. हा निर्णय सोपा नव्हता, आणि मला तो योग्य वाटतो.

१९६९ पासून ख्रिस्टकिंड निवडून येते. शहरातल्या १६ ते १९ वर्षांच्या मुली उभ्या राहतात. उंची किमान १६० सेंटिमीटर हवी आणि उंचावर चक्कर येता कामा नये. निवडलेली मुलगी दोन वर्षं सोनेरी मुकुट आणि कुरळ्या सोनेरी केसांचा टोप घालून शाळा, रुग्णालयं, वृद्धाश्रम फिरते. काम मोठं असतं. २०१९ मध्ये निवड झाली ती भारतीय वडिलांच्या मुलीची. एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या दिसण्यावरून समाजमाध्यमावर हिणकस मजकूर टाकला. शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं, मजकूर काढावा लागला, माफीही मागितली गेली. अ‍ॅडव्हेंट या नाताळपूर्व पर्वाच्या पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी चौकातले दिवे मालवले गेले आणि तिने गॅलरीतून बाजार उघडला.

जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळावा. हंगामात सुमारे २० लाख माणसं इथे येतात. सव्वाचारला अंधार पडतो, म्हणून चर्च, ड्यूररचं घर आणि दालन ६०० सकाळी पाहून घ्यावं. म्यूनिकहून वेगवान गाडी तासाभरात आणते. २४ डिसेंबरला दुपारी दोनला दुकानं बंद होतात आणि पुढचे दोन दिवस सगळं शहर सुट्टीवर असतं, तेव्हा २५ तारखेला बाजार पाहायचा बेत आखू नये.