पाथ नेमका कुठून मोजायचा?

कॉलेजच्या संकेतस्थळाचं मुख्य पान व्यवस्थित उघडतं. वर लोगो, खाली मेनू, बाजूला सरकती सूचनापट्टी. रसायनशास्त्र विभागाच्या पानावर गेलं की लोगोच्या जागी फाटक्या चित्राची खूण येते आणि मेनू उघडतच नाही. मग निदान सुरू होतं : फाइल उडाली, सर्व्हर बिघडला, व्हायरस शिरला. कुणीतरी लोगो पुन्हा अपलोड करतं, तरी फरक पडत नाही. पडणार कसा? मुख्य पानावर तोच लोगो दिसतोय, म्हणजे फाइल जागेवर आहे. चुकलाय तो तिचा पत्ता, म्हणजे पाथ.

हा प्रश्न किरकोळ नाही. एका विद्यापीठाचंच उदाहरण घ्या. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. परीक्षेचं वेळापत्रक किंवा प्रवेशाची सूचना पाहायला खेड्यातली मुलं मोबाइलवरून कॉलेजची पानं उघडतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालातही कागदपत्रांचे दुवे द्यावे लागतात. मेनू मेला की यातलं बरंच काही हाताशी लागत नाही.

सगळ्यात पक्का रुजलेला गैरसमज असा : हेडरची फाइल ज्या फोल्डरात आहे, तिथून पाथ मोजला जातो. तसं होत नाही. हेडर, मेनू आणि फूटर वेगळ्या फाइलींत ठेवून प्रत्येक पानात जोडण्याचं काम सर्व्हरवर उरकतं. ब्राउझरकडे एकच सलग पान पोहोचतं. हेडर नावाची वेगळी फाइल होती, याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून तो सापेक्ष पाथ, म्हणजे पूर्ण पत्ता न देता लिहिलेला पाथ, मोजतो पानाच्या पत्त्यापासून. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे 'डावीकडचा तिसरा रस्ता' म्हणजे कोणता, हे तुम्ही कुठल्या रस्त्यानं आत आलात त्यावर ठरतं. सापेक्ष पाथचं अगदी तसंच आहे.

खात्री करायची तर बिघडलेल्या पानावर एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' टॅब उघडा आणि पान पुन्हा लोड करा. ४०४ लिहिलेल्या लाल ओळीवर क्लिक केलं की ब्राउझरनं मागितलेला पूर्ण पत्ता दिसतो. हेडरमध्ये 'इमेजेस/लोगो' एवढंच लिहिलं असेल, तर मागणी गेलेली दिसते 'विभाग/रसायन/इमेजेस/लोगो' अशी. तसा फोल्डरच नाही. दोष या एका ओळीत सापडतो. अंदाजानं फाइली हलवण्यात दिवस घालवू नये.

इथे बरेच जण पाथच्या आधी दोन टिंबं आणि तिरकी रेघ जोडतात, म्हणजे एक पायरी वर. त्यानं एका पातळीवरची पानं सुधारतात आणि त्याहून खोलवरची पानं बिघडलेलीच राहतात. सामाईक हेडरमध्ये पायऱ्या मोजूच नयेत.

मग सुरुवातीलाच तिरकी रेघ दिली की काम झालं? बहुतेक वेळा, हो. तेव्हा मोजणी संकेतस्थळाच्या मुळापासून होते. पण स्वतःच्या कॉम्प्युटरवर झॅम्प हा सर्व्हर चालवून काम करताना साइट लोकलहोस्टच्या आत 'कॉलेज' फोल्डरात असते आणि मूळ म्हणजे लोकलहोस्ट. 'कॉलेज' मधून गळतं आणि चित्रं पुन्हा गायब होतात. माझ्या मते सरळ उपाय एकच : साइटचा मूळ पत्ता एका कॉन्फिग फाइलीत ठेवायचा आणि प्रत्येक पाथच्या आधी तोच लावायचा. साइट हलवली की एक ओळ बदलायची. वर्डप्रेसमध्ये थीमचा पत्ता देणारं फंक्शन तयारच असतं, ते वापरावं. 'बेस' टॅगही चालतो, पण जपून : तो पानावरच्या सगळ्या सापेक्ष दुव्यांना लागू होतो, म्हणून त्याच पानावर खाली नेणारे '#' चे दुवेही भलत्याच पानावर नेऊ शकतात.

सीएसएसचा नियम मात्र वेगळा. सीएसएस फाइलीत लिहिलेला चित्राचा पाथ त्या सीएसएस फाइलीपासूनच मोजतात. जावास्क्रिप्टनं मागवलेली माहिती पुन्हा पानापासून. पीएचपीचा 'इन्क्लूड' तर वेबचा पत्ता पाहतच नाही, त्याला सर्व्हरच्या डिस्कवरचा पाथ लागतो. चालू फाइलीचा फोल्डर सांगणारा स्थिरांक पीएचपीत २००९ च्या ५.३ आवृत्तीपासून आहे. त्याला धरून लिहिलं की घोळ टळतो.

'माझ्या कॉम्प्युटरवर तर चालतंय' हे खरंच असतं. फाइलींच्या नावांतल्या इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत विंडोज सहसा फरक करत नाही, लिनक्स सर्व्हर करतो. फाइलींची नावं सगळी लहान अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवली, तर हा त्रास उरत नाही.

जुनी फ्लॅशची सूचनापट्टी दिसत नसेल तर मात्र पाथ तपासत बसू नका. अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार थांबवला. ती पट्टी साध्या एचटीएमएल आणि सीएसएसमध्ये नव्यानं करावी लागेल.